बारीक मण्यांची बाग

आण्णा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर बागही गेली. आज दिंडोरीच्या रस्त्यानं येताना आपल्या शेताजवळ गाडी थांबवली. पलीकडच्या वायनरीत मुंबईची मंडळी लाकडी टबात उतरून द्राक्षं तुडवत होती, फोटो काढत होती. आपल्या तुकड्यात आता दुसऱ्या कुणाचे टोमॅटो आहेत.

वायनरीचा माणूस पहिल्यांदा आला, तो नव्वदच्या दशकातला दिवस मला अजून दिसतो. तुम्ही पडवीत भाकरी खाताय. "दारूला द्राक्षं? माझ्या दारात हा विषय नको," म्हणून त्याला चहाही न विचारता वाटेला लावलंत. पण त्याच हंगामात तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला, तयार घड तडकले, आणि पुढच्या वर्षी तुम्हीच त्याला निरोप धाडलात. खाण्याची द्राक्षं काढून वाईनची लावली. जन्मभर मणी फुगवायला शिकलेला माणूस तो बारीक ठेवायला शिकू लागला. "पाणी तोडा म्हणतो. तहानलेल्या वेलीला पाणी नाय द्यायचं, हे कसलं शास्त्र?" असं पुटपुटत तुम्ही ठिबकचा कॉक बंद करायचात. मग मला म्हणायचात, "पोरी, लय जीव तुटतो बघ."

तुम्ही गेलात तेव्हा दिवस चांगले होते. जिकडेतिकडे वायनऱ्या निघत होत्या. मी नाशिक रोडची नोकरी सोडली आणि बाग हातात घेतली. काही वर्षांनी, घड काळेभोर होऊन तोडणीला आलेले असताना, फोन आला. "ताई, यंदा माल घेता येणार नाही. टाक्यांत मागचीच वाईन पडून आहे." मी चार क्रेट बाजारात नेले. व्यापाऱ्यानं मणी चावला, बिया थुंकल्या. "गोड हाय हो. पण नुसत्या बियाच. कोण खाणार हे?" घड वेलीवरच सडले. शिवारभर आंबूस वास, माशा. पावसाळ्याआधी मी माणसं लावून वेली बुडापासून कापल्या. पुन्हा काही लावायची उमेद राहिली नाही, आणि शेवटी तुकडाही विकला.

वेली कापत होते तेव्हा शेजारचे म्हणाले, "आण्णा असते तर काहीतरी मार्ग काढला असता." मी मान हलवली. मार्ग नव्हता, आण्णा. हे पत्र मी कुठंच टाकणार नाही. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. कारण त्या दिवशी बांधावर उभी असताना, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, तुम्ही नाही याचं मला बरं वाटलं होतं.