अश्विनीच्या मानेवरची गाठ

१४ जुलै
गाठ वाढली आहे. अश्विनीच्या मानेवर, उजव्या बाजूला. तिच्याखाली आणखी एक आली आहे. टीबीच्या गोळ्या मे महिन्यापासून चालू, एकही चुकलेली नाही. मध्यंतरी बोराएवढी झाली होती, आता लिंबाएवढी. संध्याकाळी ताप.
सकाळचं दूध संकलन उरकून घरी आल्यावर विचारलं, दुखतं का. नाही म्हणाली. मान न वळवता म्हणाली.

१६ जुलै
गोळ्या पाकिटात तशाच. मी पाणी आणून ठेवलं. ती म्हणाली, "आईनं पण ह्याच गोळ्या खाल्ल्या, पप्पा."
सु. ला जाऊन पाच महिने झाले. घरात हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.
उद्या दवाखान्यात जाऊ, तोवर घे, एवढंच म्हणालो. घेतली.

१७ जुलै
कर्जत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाई वयाने लहान आहेत, पण घाई करत नाहीत. गाठ बराच वेळ चाचपली. म्हणाल्या, दोन शक्यता. एक, जंतू औषधाला दाद देत नाहीत. दुसरी, जंतू मरताहेत आणि त्यांचे तुकडे बघून शरीर जास्तच चवताळलं आहे. आजारात दबलेली ताकद औषधाने परत आली की काहींना असं होतं. कळेपर्यंत गोळ्या बंद करायच्या नाहीत.
गाठीतलं पाणी सुईने काढलं. थोडं इथल्या मशीनला, थोडं पुण्याला.
बाहेर आल्यावर अश्विनी म्हणाली, "दोन्हीतलं काय, ते त्यांनाच माहीत नाही."
खरं आहे. पण माहीत नाही असं सांगणारा डॉक्टर मला बरा वाटतो.

२१ जुलै
मशीनचा रिपोर्ट. जंतू दिसले. अश्विनीचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, मशीनला मेलेला जंतू आणि जिवंत जंतू सारखाच. औषधाला दाद न देण्याची खूण मात्र नाही. पुण्याला ते जंतू वाढवून बघतात, जिवंत असतील तरच वाढतील. त्याला वेळ लागतो.
मला दुसरी शक्यताच खरी वाटते. तिला तसं बोललो नाही. बोलायला हवं होतं का...

२७ जुलै
अक्का आली. पंचमीला बहीण माहेरी येतेच, पण सु. गेल्याने यंदा सण नाही. तरी आली, घर ओकंबोकं नको म्हणून. पिशवी खाली ठेवायच्या आधी अश्विनीची मान बघितली.
"ही गंडमाळ हाय. बिब्बा लावू, चार दिसात बसंल." बिब्बे पिशवीतच होते. आल्या आल्या सुई तापवायला घेतली.
मी म्हणालो, अक्का, तिच्या मानेला बिब्बा लागणार नाही. कातडी भाजेल, गाठ फुटली तर जखम लवकर भरायची नाही.
"माझ्या नंदंची गेल्ती बिब्ब्यानं."
"गेली असेल."
"आन तुझ्या गोळ्यांनी काय दिवे लावले?"
मग तिनेच सुई राखेत टाकली आणि कांदा चिरायला बसली.

२८ जुलै
आज पाकीट पुन्हा तसंच. अश्विनी म्हणाली, अंगाला सोसतच नसतील तर कशाला खायच्या.
मग बसून सगळं सांगितलं. सु. च्या हातावर टीबीची सुई टोचली होती, टोचल्या जागी फुगतं का बघायला. दोन-तीन दिवसांनी बघितलं तर हात सपाट. आम्ही निर्धास्त झालो. ताप नाही, गाठ नाही, खोकलासुद्धा बारीक. मी दूध केंद्रावर चार जणांना सांगून आलो की तसलं काही नाही. नंतर बेडका तपासला तर जंतूच जंतू. तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुगरने आणि अशक्तपणाने तिचं शरीर लढायचंच थांबलं आहे, म्हणून हात फुगला नाही. गोळ्या चांगल्या होत्या. त्यांच्या बाजूने लढायला आत कुणी उरलं नव्हतं. तेव्हा नुसतं ऐकलं होतं. आता समजतं.
"तुझ्या आईचं शरीर गप्प होतं. तुझं गप्प नाही."
"म्हणजे ही गाठ चांगली?"
"चांगली नाही. पण गोळ्या सोडण्यासारखी नाही."
रडली. अक्का दारातून ऐकत होती. नंतर गोळ्या घेतल्या.
एवढं सलग मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

६ ऑगस्ट
गाठ लाल, कातडी ताणलेली. घास गिळताना त्रास. पुन्हा कर्जत.
बाई म्हणाल्या, दाह कमी करणारी गोळी काही आठवडे देऊ. त्याने शरीराचा जोर थोडा दबतो.
मी लगेच विचारलं, दबला तर हिच्या आईसारखं होणार नाही का? कधी कुणा डॉक्टरला उलट विचारलं नव्हतं.
बाई रागावल्या नाहीत. शरीरात लढणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्याही. नुसतंच लढत राहिलं तर जंतूपेक्षा आपल्याच मांसाचं नुकसान. हिच्यात लढणाऱ्या पुढे गेल्यात, आवरणाऱ्या मागे राहिल्यात. मग अश्विनीकडे बघून म्हणाल्या, "जंतूंच्या गोळ्या चालू आहेत म्हणून मी हे देते आहे. त्या सोडणार असशील तर ही देणार नाही."
उद्यापर्यंत विचार करून सांगायचं आहे.

७ ऑगस्ट
अक्का दूध तापवत होती. तिला समजावत बसलो, खरं तर स्वतःलाच. ऐकून म्हणाली, "मंग आसं म्हन की. दूध उतू चाललं म्हून चूल कुनी इझवत न्हाई. जाळ मागं वढायचा."
बरोबर, म्हणालो.
"आन लईच मागं वढला तर?"
माझाच प्रश्न. बाई दर आठवड्याला बघणार आहेत, जास्त वाटलं तर बदलतील, असं सांगितलं. यापेक्षा पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.
अश्विनी आतून म्हणाली, "घेते मी. दोन्ही."
बाईंना कळवलं.

१९ ऑगस्ट
लाली गेली. गाठ निम्म्याने उतरली. मागून हाक मारली तर मान वळवून बघितलं. ताप नाही.
भूक मात्र अचाट, त्या गोळीने लागते म्हणे. अक्का म्हणाली, "आता तालुक्याचं दूध आनलं तरी हिला पुरायचं न्हाई." अश्विनी हसली. अक्का दुपारच्या एसटीने गेली.
सु. असती तर थालीपिठं लावली असती. मी लावली. जाड झाली. अश्विनीने खाल्ली.

२ सप्टेंबर
पुण्याला आजवर काही वाढलेलं नाही. शेवटचा रिपोर्ट यायचा आहे, पण बाईंचा चेहरा मोकळा होता. माझा अंदाज बरोबर निघतो आहे.
दाहाची गोळी आता कमी करत न्यायची. बाई म्हणाल्या, बाहेरून किती दिवस आवरणार, आता तिच्या शरीराने आपलं आपण आवरायला शिकलं पाहिजे. टीबीच्या गोळ्या पुढे चालूच.

९ सप्टेंबर
दाहाची गोळी अर्ध्यावर आणून काही दिवस झाले. सकाळी ठीक होती. दुपारी कॉलेजातून आली तेव्हा अंग किंचित कोमट लागलं. उन्हातून आली होती. गाठ बोटाला टणक वाटली, किंवा मीच जास्त दाबली.
फोन हातात घेतला. ती म्हणाली, "लगेच बाईंना नका लावू, पप्पा. उद्या जायचंच आहे तिकडं. तोवर बघू की, आवरतंय का."
गाठीवर स्वतःच बोट फिरवून बघितलं. घाबरलेली वाटली नाही. टीबीच्या गोळ्या सकाळीच घेतल्यात, न सांगता.
ठीक, म्हणालो. फोन खिशात ठेवला. कॅन आले असतील, संध्याकाळच्या संकलनाला जातो. येताना थर्मामीटरला नवा सेल.