तोंडातल्या टाचण्या

प्रिय चिमणे,

तुझ्या होणाऱ्या सुनेचा लग्नाचा झगा माझ्याकडेच शिवायला आलाय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्या कानावर काय येत नाही म्हणा! काल तिची आई तिला घेऊन दुकानात आली. पोरीला स्टुलावर उभं केलं आणि मी खाली बसून घेर टाचायला लागले, नेहमीसारख्या तोंडात टाचण्या धरून. आईने हळूच विचारलं, ताई, तुम्ही त्यांच्याच चर्चच्या मंडळीतल्या, मुलाबद्दल आम्हाला कळावं असं काही आहे का?

या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघितली, तुला काय सांगू. तो रविवार आठव. माझ्या लेकीची होणारी सासरची माणसं पहिल्यांदाच उपासनेला आली होती. आपल्याला फिट्स येतात हे ती स्वतः त्यांना दुपारी, जेवणानंतर सांगणार होती. तेवढ्यात तू उभी राहिलीस, डोळे मिटलेस आणि सगळ्यांसमोर गळा काढलास, की हे प्रभू, आमच्या या लेकीच्या फिट्स बऱ्या कर. ती माणसं जेवायला थांबलीच नाहीत. वर मलाच म्हणालीस, अगं, मी तर प्रार्थनाच केली! आता प्रार्थनेला कोण नावं ठेवणार? लेक परगावी नोकरी करते. तेव्हापासून चर्चची पायरी चढत नाही.

आणि तुझा मुलगा मनाच्या आजाराने दवाखान्यात होता, तेव्हा तू सगळीकडे सांगितलंस, ट्रेनिंगला गेलाय. तिथे त्याचा डबा मी पोहोचवत होते, चिमणे.

तर काल मी एकेक टाचणी काढत होते आणि वाक्य तयार होत होतं. गोड, हळहळतं, अगदी तुझ्या सुरातलं: त्याच्यासाठी प्रार्थना करत राहा हो. शेवटची टाचणी काढली, वर बघितलं. पोरगी हसली. माझी लेक तेव्हा होती, त्याच वयाची. मी म्हटलं, मुलगा सरळ आहे, बाकी काय ते त्यालाच विचार बाळा, तो खोटं बोलायचा नाही.

जीभ मी आवरली. मनाचं विचारू नकोस. तुला क्षमा केली, असा गोड गैरसमज नको, म्हणून हे पत्र. लग्नात मी पहिल्या बाकावर बसणार आहे. आणि यापुढे प्रार्थनासभेत तू कुणाचं नाव घेऊन डोळे मिटलेस ना, की मी मागून फक्त खाकरेन. एवढंच. तू काय ते समजशील.

तुझीच, अजून तरी गप्प असलेली,
शिंपीण