खिडकीतलं शेपूट

४ मार्च

चि. टिचकीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

ल ल गा, ल ल गा, ल गा गा... आणि एकदम गप्प! सात वर्षांचा असताना ऐकलेली ही चाल, पण आज सकाळी दाढी करताना अशी काही कानात वाजली की हनुवटीचा साबण तसाच वाळला.

तेव्हा आम्ही तू आता राहतेस त्याच गावात राहायचो आणि मला गोवर आला होता. डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून माडीवरच्या खोलीची खिडकी बंद ठेवलेली, पडदा ओढलेला आणि मी अंधारात एकटा. रोज दुपारी खालच्या रस्त्याने एक अकॉर्डियनवाला जायचा. तो उंच की बुटका, काही ठाऊक नाही. माझ्यापुरता तो नुसता आवाजाचाच माणूस होता. चाल वाजवत आमच्या खिडकीखाली यायचा आणि नेमका शेवटच्या ओळीत थांबायचा. कविता फळ्यावर लिहून मास्तरांनी शेवटचं यमकच पुसून टाकावं, तसं वाटायचं. मला ते सोसवेना. मग मी पदरचं शेपूट जोडायचो, शीळ घालून! आई धावत येऊन रागवायची, की आजारी माणसाने शिट्ट्या मारायच्या नसतात. खालचा दुकानदार त्याला तिथून हुसकावत असणार, असा माझा तर्क. म्हणजे खरा शेवट पुढच्या गल्लीला ऐकायला मिळत असणार. त्या गल्लीचा मी आयुष्यभर हेवा करत आलो आहे.

तुझ्या फोटोंचं पाकीट पोचलं. स्टुडिओत दिवसभर ओळखपत्रांसाठी लोकांची तोंडं सरळ करून झाल्यावर तू हे रस्त्यावरचे वाजवणारे टिपत हिंडतेस, याचं मला भारी कौतुक आहे. तुझ्या बाबांना वाटतं पोरगी उन्हात करपते. मला वाटतं पिकते आहे.

आता कामाचं बोलतो. कानाच्या डॉक्टरांनी डावा कान गेल्यात जमा केला. उजवाही फार काळ साथ देणार नाही असं म्हणाले, तेव्हा मला वाटलं ते तुझ्या बाबांच्या गाडीबद्दल बोलताहेत. यंत्र लावलं तर बोलणं कळेल, पण सूर पत्रा बडवल्यासारखे लागतील म्हणे. तेव्हा कान आहेत तोवर त्या चालीचा खरा शेवट मला ऐकायचा आहे. तुझ्या ओळखीच्या वाजवणाऱ्यांना विचार ना! मला सारेगम येत नाही, पण शाळेत वृत्तं शिकलो आहे. लघु म्हणजे बोटाची टिचकी, गुरू म्हणजे तळहाताची थाप. वर लिहून दिलंच आहे.

लोभ असाच ठेव, कान राहोत न राहोत.

तुझे आजोबा

*

११ मार्च

ती. आजोबांना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या लगा-लगाने मला पार वेड लावलंय! कॅमेऱ्याच्या पाठीवर टिचक्या आणि थापा देत गावभर फिरते आहे. पुलाखालच्या व्हायोलिनवाल्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला सर्दी झाली आहे का म्हणून विचारलं. रंगाचे रिकामे डबे बडवणारा ढोलू म्हणाला की चाल ठाऊक नाही, पण थाप बरी आहे, त्याच्याबरोबर रविवारी बसणार का. बासरीवाल्याने तर मला हातानेच पुढे जायला सांगितलं. पण मी हरलेले नाही हं.

प्रदर्शनाचं नक्की झालं, आजोबा! वाचनालयाचा खालचा हॉल मिळाला आहे. वीस फोटो लावायचे. वाजवणारे, शिवाय कपड्यांच्या गाठोड्यावर डुलकी घेणारा इस्त्रीवाला, बसथांब्यावर एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या दोघी शाळकरी बहिणी, असलं रोजचंच. माझा नियम तुम्हाला माहीत आहे. वाजवताना फोटो काढायचा नाही. तेव्हा प्रत्येकाचा चेहरा वाजवणाऱ्याचा असतो. शेवटचा सूर संपला की क्षणभर तो माणूस स्वतःच्या घरी येतो. मी तेवढ्यासाठी थांबते. आणि एक गुपित सांगू? हसू नका. सूर ऐकले की माझा पाय हलतो, पाय हलला की फोटो हलतो. म्हणून काम करताना मी कानांत कापूस घालते.

सोबत एक बिघडलेला फोटो गंमत म्हणून पाठवते आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर एक अकॉर्डियनवाल्या बाई बसतात, पन्नाशीच्या पुढच्या. यांना मी आधी विचारलं होतं, पण टिचक्या ऐकून त्यांनी नुसते खांदे उडवले. त्यांचे बारा फोटो काढले, बाराही वाया! चाल संपली की बाई गाल फुगवून ओठांचा चंबू करतात. गरम चहा फुंकताहेत जणू. प्रदर्शनात कशा लावू?

औषधं वेळेवर घ्या. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची टिचकी

*

१७ मार्च

चि. टिचकीस आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

अगं वेडाबाई, वाजवणाऱ्यांचे फोटो काढतेस आणि कानांत कापूस! घराण्यात एक बहिरा पुरे नाही का?

तो बिघडलेला फोटो मी भिंगाखाली इतक्या वेळा धरला की तुझी आई म्हणाली, मामंजी, त्या बाईंना आता ठसका लागेल. ऐक. गोवराच्या त्या दिवसांत माझे वरचे समोरचे दोन्ही दात पडलेले होते. शिळेचं शेपूट मी जोडायचो खरा, पण शेवटच्या सुरावर वारा निसटायचा आणि निघायचं नुसतं फुस्स! थोरला भाऊ मला फुसकुल्या म्हणायचा. ते फुस्स काढताना माझं तोंड कसं व्हायचं, हे मला त्याने आरशात दाखवलं होतं. टिचके, ते तोंड आज तुझ्या फोटोत आहे. एका परक्या बाईंच्या चेहऱ्यावर!

योगायोग असेल, नाही कोण म्हणतं? त्यांना खोकल्याची उबळही येत असेल. त्यांनी खांदे उडवले यात नवल नाही, वृत्त ऐकून कविता ओळखणारे आमच्या वर्गात दोघेच होते. टिचक्या वाजवू नकोस, तोंडाने गुणगुण. त्याआधी तो कापूस काढ, त्यांच्यासमोर बैस आणि आधी नुसतं ऐक. फोटो गेला तरी चालेल.

इथे मला जेवण जात नाही. वरणात दोनदा मीठ घातलं आणि तरी अळणी लागलं. उलट टपाली कळव. उशीर केलास तरी लोभ कमी व्हायचा नाही, पण रक्तदाब वाढेल.

तुझे आजोबा

*

२४ मार्च

ती. आजोबांना साष्टांग, साष्टांग, साष्टांग!

घाईघाईत लिहिते आहे, अक्षर लावून घ्या. कापूस काढला. बाजाराचा गलका, भाजीवाल्यांची ओरड, आणि त्यातून ल ल गा, ल ल गा, ल गा गा... आणि बाई थांबल्या! अकॉर्डियन गप्प. मग तोंडाने बारीक शीळ घातली आणि शेवटी फुस्स! आजोबा, मी भर रस्त्यात रडले. बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि पाणी दिलं.

ही चाल त्यांच्या वडिलांनी बांधलेली. बांधली, पण शेवट काही केल्या सुचेना. रोज वाजवत जायचे आणि त्याच जागी अडायचे. एका दुपारी एका बंद खिडकीच्या आतून कुणीतरी शीळ घालून चाल पुरी केली. वडील दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच खिडकीखाली जाऊन थांबले. तिसऱ्या दिवशीही. दुकानदाराने वगैरे काही हुसकावलं नव्हतं, ते तुमच्यासाठी थांबत होते! मग एके दिवशी खिडकी सताड उघडी दिसली, खूप वेळ थांबले, पण आतून काही आलं नाही. तेव्हापासून ते शेवट स्वतःच तोंडाने वाजवायला लागले, त्या फुस्ससकट. ते त्याला खिडकीतलं शेपूट म्हणत. लहानपणी बाईंनी एकदा ती शीळ स्वच्छ घातली, तर वडील रागावले होते, की खिडकीतल्या पोराच्या चालीत सुधारणा करणारी तू कोण.

ते पोर माझे आजोबा, असं मी सांगितलं, तर विश्वासच बसेना. तुमच्या दातांचं सांगितल्यावर मात्र बाईंनी मला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. मग कानांचंही सांगितलं आणि आमच्या घरी चला म्हणून विनवलं. त्या म्हणाल्या, ज्याला ऐकायचं असेल त्याने रस्त्यावर यावं, त्यांचे वडील कधी कुणाच्या दारात वाजवायला गेले नाहीत, त्याही जायच्या नाहीत. अकॉर्डियन पिशवीत घातलं आणि उठल्या. त्यांचा एक फोटो मी लिफाफ्यात घालून त्यांना दिला, तोही घाईत चुकून तुमचा पत्ता घातलेल्या लिफाफ्यात! म्हणून हे पत्र या मळक्या लिफाफ्यात आहे. आज कोपरा रिकामा होता. मी दुखावलं तर नसेल ना त्यांना?

तुम्हीच या, आजोबा. लवकर या. फुगलेल्या गालांचा फोटो हॉलमध्ये शिरताच समोर लावणार आहे.

माझ्यावरची माया शेवटपर्यंत वाजत राहू दे.

तुमची टिचकी

*

३० मार्च

चि. टिचकीस पोटभर आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. म्हणजे पुढच्या गल्लीत काही नव्हतंच! ज्या शेवटाचा मी जन्मभर हेवा केला तो माझ्याच तोंडातून निघाला होता, आणि कुणीतरी तो इतकी वर्षं सांभाळला, फुटक्या सुरासकट. आणि गोवर उतरला त्या दिवशी मी मात्र खिडकी उघडून, मागे न बघता खेळायला पळालो होतो. खाली कुणी आपली वाट बघत असेल, हे सात वर्षांच्या डोक्यात कुठून येणार?

मी रविवारी निघतो आहे. तुझे बाबा म्हणतात इतका प्रवास झेपायचा नाही. मी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, हेच माझं उत्तर. मफलर घेतला, भिंग घेतलं. उजवा कान काल दिवसभर नुसता घूं घूं करत होता, पण आज बरा आहे. त्या बाई रागावल्या असतील तर मी रस्त्यावर त्यांच्यासमोर बसेन आणि

थांब हं. चाल वाजते आहे. नेहमीसारखी डोक्यातच असेल म्हणून लिहीत राहिलो, पण तुझी आई हातातली कणीक तशीच घेऊन दाराकडे धावली. म्हणजे तिलाही ऐकू आली!

टिचके, दार उघडलंय. मला इथून टेबलावरून दिसतं आहे. उंबऱ्याबाहेर एक बाई उभ्या आहेत. गळ्यात अकॉर्डियन, त्याच्या पट्ट्यात खोचलेला तुझा लिफाफा. तुझी आई आत या म्हणते आहे, तर मानेनेच नको म्हणाल्या. तिथूनच वाजवताहेत. ल ल गा. ल ल गा. ल गा गा.

थांबल्या. माझ्याकडे बघताहेत.

बाकीचं भेटीत. मी कवळी काढतो आहे.