दोन भोंग्यांच्या मधला आवाज

३ जानेवारी
करंजाड्यामागच्या टेकडीवर बिऱ्हाड थाटलं! नावड्यात पंप दुरुस्त करणारा हरेश आता वेधशाळेचा मोटर-कंत्राटदार. बेअरिंग कुठलं गेलंय ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. शिक्षण म्हणाल तर हे दोन कान. भलीमोठी डिश बघून आमची बायको सगुणा म्हणाली, एवढ्या परातीत अख्ख्या गावाची सुकट वालंल. वेधशाळेचे अभिराम सर पोट धरून हसले.

५ जानेवारी
सरांनी समजावलं. दूर आकाशात रेडिओलहरी ओकणारे प्रखर स्रोत असतात. आपली डिश एक कान, वरचा उपग्रह दुसरा. दोघांनी एकाच वेळी एकच स्रोत ऐकायचा. मी म्हटलं, मग आम्हालाही ऐकवा की! भोंगे मीच जोडले.

६ जानेवारी
दुपारी दोन्ही जुळले. डाव्या भोंग्यात डिश, उजव्यात उपग्रह. दोन्हींत नुसती खरखर, तेल तापल्यासारखी. मग मधोमध, माझ्या डोक्यात, तिसराच आवाज उभा राहिला. आवारातली कुत्री एकमेकांवर तुटून पडली. एकाचा गळा फाटला तरी दुसरं सोडेना. सर म्हणाले, योगायोग, टेन्शन नको.

७ जानेवारी
सरांनी सोबतच्या शास्त्रज्ञ क्षिप्रा मॅडमचं डोकं टेबलावर आपटलं. रोज एका डब्यात जेवायचे दोघं. आपटतच राहिले. मॅडम गेल्या. वॉचमन कमळाकरने सरांना आवळून धरलं, तर त्याचं बोट त्यांनी चावून तोडलं. पोलिसांनी सरांना बांधून नेलं. जबानी होईपर्यंत आम्ही इथेच.
भोंग्यांच्या वायरी मी उपटल्या. आवाज थांबला नाही.

संध्याकाळ
कमळाकरला काहीच होत नाही. विचारलं तर म्हणाला, माजा एक कान सुतळी बॉम्बनं गेला ना साहेब, एकावरच चाललंय.
सगुणा कांदा चिरत होती. मी तिची मान बघत होतो. किती बारीक—

८ जानेवारी
हात शिवशिवतात. तिला म्हटलं, मला आत कोंड, दोन्ही दारांना बाहेरून कडी घाल. म्हणाली, येड लागलंय का, चाय तरी घे.
घातली शेवटी.

स्क्रू-ड्रायव्हर. उजवा कान. एकदाच, जोरात—

शांत. छातीपर्यंत रक्त, पण शांत. हात पुन्हा माझे. सगुणा वाचली.

बाहेर कमळाकर ओरडला. मग कोयता बसल्याचा आवाज. परत कोयता—
दोन कान तिलाही आहेत. सुचलंच नाही मला—

कडी निघाली. पुढची की मागची? एका कानाने बाजू कळत ना—

सगु