तात लिशांची डावी पोटरी

३ मार्च
वेंतुराचा पाय आज भर प्रवचनात आखडला! पोटरी धरून देवाचं नाव घेत राहिला. लोकांना वाटलं, भक्तीनं कळवळतोय. दोघी रडल्यासुद्धा.

नंतर विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"
"पाय उत्तम आहे म्हणाले. घरी घेऊन जा."
धाकटा भाऊ पास्टर झाला, चावटपणा गेला नाही.

५ मार्च
त्याची बायको रोसेंदा ऑफिसात आली. "वन्सं, घोड्यानं लाथ मारल्यासारखं दुखतं म्हणतात. हे कसलं दुखणं ते तुम्हाला माहीत आहे."

आमच्या मोमोस्तेनांगो गावात कुणाला माहीत नाही! डॉक्टरांना सापडत नाही, तेव्हा पूर्वज बोलावत असतात. बाबा दिवस सांभाळायचे — जुन्या पंचांगाचे दिवस मोजून पूर्वजांना धूप द्यायचे. लढाईच्या वर्षांत धूप मक्याच्या कणसांखाली लपवून वेदीवर जायचे. ते गेल्यापासून आमच्या घराण्याच्या वेदीवर कुणीच नाही. आणि वेंतुरा त्यांचा एकुलता मुलगा.

"दिवस सांभाळणाऱ्या तात लिशांना विचाराल? मी गेले तर उद्या चर्चच्या सगळ्या मंडळीला कळेल."
"आणि मी गेले तर?"
"तुम्ही पत्रकार. कुठेही जाता."

६ मार्च
दिवसभर पाणीपुरवठ्याची बातमी. गेले नाही.

७ मार्च
गेले. तात लिशांनी चटईवर बसवलं. पांगाऱ्याच्या लाल बिया पसरल्या, मूठभर उचलल्या, लहान लहान ढीग लावून दिवस मोजत गेले. मध्येच थांबून डावी पोटरी चोळली. मोजताना अंगात रक्त उसळलं की त्यातून उत्तर मिळतं — उजवीकडे उसळलं तर पुरुष, डावीकडे तर बाई. पण त्यांचं वय काय! मांडी घालून पाय आखडला असेल.

"तुझ्या बापाची जागा रिकामी आहे," म्हणाले. "ती भरेपर्यंत दुखणं जायचं नाही. मुलाला सांग."
"तो पास्टर आहे, तात."
"मग प्रार्थना येतच असेल. निम्मं काम झालं."

९ मार्च
वेंतुराला सांगितलं. हसला नाही.
"ताई, माणसं माझ्या शब्दावर दारू सोडतात. त्यांना काय सांगू, दगडापुढे धूप जाळायला चाललो?"
"बाबा काय दगडापुढे बसायचे?"
"ते तुलाच ठाऊक. त्यांच्याबरोबर तूच जायचीस."
जायचे. धूप धरायला. त्यात काय!

जेवताना रोसेंदा म्हणाली, चर्चचा स्लॅब सोमवारी घालू.
"सोमवारी नको," हा पटकन म्हणाला. "वाऱ्याचा दिवस आहे."
हे तर बाबांचं पंचांग! रोसेंदा माझ्याकडे बघायला लागली. मग हाच खाकरून, "म्हणजे, गवंडी मोकळा नाही."

१४ मार्च
आता उभंही राहवत नाही. रविवारचं प्रवचन खुर्चीत बसून केलं.

आज एकदम म्हणाला, "वेदीवर जातो. चर्च सोडतो. पोरं आहेत, मला पाय हवेत." रोसेंदा रडली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. बारा-पंधरा घरांपासून उभी केलेली मंडळी दोघांनी. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

१६ मार्च
तिघं तात लिशांकडे. आज चटईवर वेंतुरा. बिया, ढीग, दिवस. तात थांबले — डावी पोटरी. बिया गोळा करून पुन्हा मोजलं. पुन्हा डावी.

त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.
"त्या दिवशीही डावीकडेच बोललं होतं. मी बापाच्या जागी मुलगाच धरून बसलो. म्हातारा गाढव!"
मी म्हटलं, "तात, मी फक्त विचारायला आले होते."
"मला शिकवणारी बाईच होती. तीही आधी असंच म्हणायची."

वेंतुरा भडकला. "म्हणजे बोलावणं हिला आणि लाथा मला?"
"तुला बसल्या नसत्या तर ही इथे आली असती?"

परतताना गाडी रोसेंदानं चालवली. घराशी मला उतरवताना वेंतुरा एवढंच म्हणाला, "ताई, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. माझ्या पद्धतीनं." मग गाडीचं दार लावून घेतलं.

१७ मार्च
प्रवचन. उभ्यानं. शेवटपर्यंत.

१८ मार्च
संपादकांना फोन केला. जुन्या पंचांगातल्या आठ बात्झच्या दिवशी दिवस सांभाळायची दीक्षा घेणारे नवे लोक टेकडीवर उभे राहतात, ती बातमी दर खेपेला मीच देते. पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला पाठवा, म्हटलं.
"का? रजा हवीय?"
"नाही. मी तिथेच असेन."