गुळव्याच्या लेकीची साखर

तात्या,

तुमच्या लेकीला साखर आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, तुम्ही उंबऱ्यावर उभ्या आहात. आत गेलात तर जन्मभर गोळ्या, पण अजून मागं फिरता येईल. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "उंबऱ्यावं थांबू न्हाई म्हंत्यात. मागं ये." एवढं बोलून पुन्हा टीव्हीकडे वळले. पण दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या चहातली साखरसुद्धा त्यांनी बंद केली, कुणी न सांगता. हे मुद्दाम लिहिते, कारण सोयरीक जमली तेव्हा लोणीचा हा माणूस तुम्हाला फारसा पसंत नव्हता.

सुनेनं मशीन आणलं. काड्यापेटीहून थोडं मोठं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की आकडा दिसतो. कधी सकाळी उपाशीपोटी, कधी जेवणानंतर दोन तासांनी. पहिल्यांदा टोचताना मी डोळे मिटले आणि मला तुमची बोटं दिसली. तुम्ही उसाच्या रसाच्या काहिलीजवळ उभे आहात, अंगात बंडी, कपाळावर घाम. उकळता पाक जरासा घेऊन तुम्ही गार पाण्यात सोडता, दोन बोटांत त्याची गोळी वळता, भांड्याच्या काठावर आपटून बघता. सगळे तुमच्या तोंडाकडे बघतायत. मग तुम्ही म्हणता, "उतरवा." त्या एका शब्दावर माणसं काहील उचलायची. पिंपरी पेंढारच्या आसपास गुऱ्हाळ लागलं की गुळव्या म्हणून आधी तुम्हाला बोलावणं यायचं. घरी येताना माझ्यासाठी वाटीत ओतलेली छोटी ढेप असायची, वर शेंगदाणे दाबलेले. ती मी भावाला सुखासुखी कधी दिली नाही.

साखर दुकानातून यायची आणि पाहुण्यांसाठी डब्यात राहायची. एकदा मी हट्ट धरला की मलाही साखरेचाच चहा पाहिजे, गुळाचा काळा नको. तुम्ही सहसा रागवायचा नाहीत, त्या दिवशी रागावलात. "गाढवाला गुळाची चव काय," म्हणालात. "साखर कारखान्याची आसती, गूळ मानसाच्या हातचा आसतो. गुळानं कुनाचं वाईट झाल्यालं मी बगितलं न्हाई." हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की डॉक्टरीणबाईंनी साखर बंद सांगितल्यावर मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, आपण कुठं साखरेवर वाढलोय. चहात गूळ घालायला लागले. भाकरीबरोबर गूळ-तूप, दुपारी पाण्याबरोबर खडा. वर शेजारणींनाही शहाणपणा शिकवला.

मशीन काही ऐकेना. आकडा खाली यायचं नाव घेईना. मी मशीनला नावं ठेवली, त्याचा सेल बदलून घेतला, पट्ट्या जुन्या असतील म्हणून सुनेवर खेकसले. ती बिचारी शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, दोन दिवस गूळ बंद करून बगू. न्हाई उतरलं तर मशीन उकिरड्यावर टाकू." गूळ बंद केला, आकडा उतरला. परत खाल्ला, चढला. हातच्या काकणाला आरसा कशाला. त्या दिवशी मला तुमचा राग आला, तात्या. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर माणसाला असा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

कारण गुळानं कुणाचं वाईट झालेलं तुम्ही बघितलं नसेल, आम्ही बघितलंय. तुम्ही कामावरून येऊन ओट्यावर बसला होतात, चप्पल काढली, आणि आई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. पायावर तळहाताएवढा फोड होता. आई म्हणाली, "कवा भाजलं?" तुम्ही म्हणालात, "काय?" दुपारी कधीतरी उकळता पाक पायावर सांडला होता आणि तुम्हाला पत्ताच नव्हता. गुऱ्हाळावर सगळे कौतुकानं म्हणायचे, तात्यांच्या पायाला इस्तू लागत नाय. तुम्हीही ते ऐकून मिशीत हसायचात. साखरेनं पाय आतून कधीच बधिर झाला होता हे आम्हाला जुन्नरच्या दवाखान्यात कळलं, तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. आधी पाऊल गेलं, मग तुम्ही. दर आधणाला, दर काहिलीमागं, तुम्ही तो गूळ चाखत होतात. नुसत्या गुळानंच झालं असंही नसेल, बापाच्या रक्तातून लेकरातही ते येतं म्हणे. म्हणून तर माझी झोप उडाली.

आता मात्र माझं बरं चाललंय. आधी वाटीभर मटकीची उसळ नाहीतर मेथी, काकडी-मुळा, मग अर्धी भाकरी, भात सणावारी. कुठल्या घासानं आकडा उड्या मारतो हे मला आता मशीन लावायच्या आधीच कळतं. बाजरी गुणाची आहे. साबुदाण्याची खिचडी मात्र पक्की लबाड, उपास माझा आणि चैन साखरेची. जेवणानंतर चालायला सांगितलंय, पण सगळीकडे ऊस आणि उसात बिबट्या, त्याला माझ्या तब्येतीचं काय पडलंय. म्हणून मी अंगणातच घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या घालते आणि हे आतून विचारतात, "आलं का भीमाशंकर?" शेजारीणही आता ओरडून सांगते, "बिनसाखरंचा ठेवलाय, ये." मला हे सगळं आवडायला लागलंय. मागच्या महिन्यातल्या तपासणीत तीन महिन्यांची साखर उतरलेली निघाली. बाईंनी स्पर्श कळतो का म्हणून तळपायाला दोरा लावून बघितला आणि पाय ठणठणीत आहेत म्हणाल्या. पण दोरा म्हणजे काही उकळता पाक नव्हे.

मागच्या आठवड्यात माहेरी गेले होते. भाचा आता घरचंच गुऱ्हाळ चालवतो. गुऱ्हाळावर आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही, मी तर माहेरवाशीण. भाच्यानं वाफाळता गूळ पानावर घालून पुढं केला. मी नको म्हणाले. कामाची माणसंसुद्धा थांबून बघायला लागली. भाचा म्हणाला, "आत्या, तुमी तात्यांच्या लेक ना?" मी म्हटलं, "म्हनूनच नगं." त्याला वाईट वाटू नये म्हणून मग ढेप मीच फोडली, सगळ्यांना माझ्या हातानं वाटली. गरम गुळाचा वास तोच आहे, तात्या. तोंडात मात्र कणभरही घातला नाही.

जेवणाला दोन तास होऊन गेले होते, म्हणून तिथंच बाजेवर बसून बोट टोचलं. आकडा तीनशेच्या वर. नेहमीच्या दुपटीहून जास्त. अर्धी भाकरी खाल्लेली, सकाळपासून गोड नाही, आणि तरी एवढा आकडा. म्हणजे आपण उंबरा ओलांडला आणि आपल्याला कळलंच नाही, तुम्हाला फोड कळला नव्हता तसं. मशीन बाजेवरच टाकून मी उठले आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या मागं गेले. परत आले तेव्हा भाचेसून मशीन हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "आत्या, हात धुतलं व्हतं का?" मी बोटांकडे बघितलं. गुळानं माखलेली. साबणानं हात धुवून, पुसून दुसरं बोट टोचलं, तर आकडा नेहमीचा, शहाण्या पोरासारखा. रक्ताची नाही, तुमच्या गुळाची साखर मोजली होती मी. सगळे पोट धरून हसले, मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते धुरावर ढकललं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. घडी घालून मशीनच्या पिशवीत ठेवीन. एकच गोष्ट सांगायची राहिली, ती दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी मी घरी लंगडत आले. सगळ्यांना सांगितलं की धांदलीत चप्पल निसटली आणि चुलवाणाजवळच्या तापलेल्या जमिनीवर चुकून पाय पडला. भाचेसुनेनं कोरफड लावली, ह्यांनी आंधळी म्हणून चिडवलं, ते ऐकून घेतलं. चुकून पडला नव्हता, तात्या. चुलवाणामागं गेले तेव्हा चप्पल मीच काढली होती. पाऊल टेकवलं, सणकन चटका बसला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तो लगेच उचललाही नाही.