अबोलीचा दात आणि माझी दाढ

वैशाली, गाझियाबाद
एप्रिल १९९८, मंगळवार

सौ. सुहासिनीताई,

तुला दोन्ही हात जोडून नमस्कार. (कालपर्यंत एक हात गालावर होता, म्हणून पत्राला उशीर झाला.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या गच्चीतल्या कुंड्यांना उन्हाळा सोसतो आहे ना? इकडे आम्ही सुखरूप आहोत. संध्याकाळी वीज जाते आणि ती कधी येणार हे सोसायटीच्या जनरेटरवाल्यालाही सांगता येत नाही. कल्पनाच्या कंपनीत परदेशी साहेब आल्यापासून तिला शनिवारीसुद्धा मीटिंग असते. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या मीटिंगमध्ये आहे, असं माझं मत आहे. कल्पनाचं मत वेगळं आहे.

परवा फोनवर तू अबोलीच्या दाताचं विचारलंस तेव्हा मी 'सगळं छान' एवढंच म्हणालो. एक तर एसटीडीचा मीटर पळत होता, आणि दुसरं म्हणजे माझ्या तोंडात कापूस होता. आता सविस्तर लिहितो, कारण मूळ सल्ला तुझा होता.

झालं असं, की अबोलीचा खालचा पुढचा दुधाचा दात हलायचं नाव घेईना आणि त्याच्या मागून नवा दात वर आला. पुढे एक, मागे एक. शाळेच्या बसमध्ये मुलं तिला 'मगरमच्छ' म्हणायला लागली. तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही धास्तावलो, तर ती घरी येऊन जमिनीवर पोटाने सरपटून दाखवू लागली. पण वर्गाचा फोटो काढायचा होता त्या दिवशी ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. (आपली अबोली. ओठ मिटून.) घरी आल्यावर तिने कल्पनाला हळूच विचारलं, "मम्मी, माझा नवावाला दात वापस अंदर जाईल का?" भाषेकडे दुर्लक्ष कर, ताई. मला मात्र त्या प्रश्नानंतर जेवण गेलं नाही, आणि मग आम्ही तुला फोन केला. तू म्हणालीस, दाताच्या डॉक्टरकडे न्या, पण खोटं बोलून नेऊ नका, घाबरवू नका, खेळातून तयारी करून घ्या.

कल्पना ऑफिसात लोकांना ट्रेनिंग देते, हे तुला ठाऊकच आहे. तिने लगेच कामाची वाटणी केली. घरात 'सुई', 'पक्कड' आणि 'रक्त' या शब्दांना बंदी झाली. दुखू नये म्हणून काय करतात ते समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अबोलीला मांडीवर घेऊन शुद्ध मराठीत सांगितलं, की डॉक्टर आधी थोडी भूल देतात. ती गंभीर झाली. दिल्लीत वाढलेलं पोर, तिच्या कानाला 'भूल' म्हणजे चूक. "डॉक्टर भूल क्यों करेंगे?" ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, भूल दिल्याशिवाय दात काढता येत नाही. त्यावर तिने विचारलं, सगळेच डॉक्टर चुका करतात का, आणि केल्यावर सॉरी म्हणतात का. ते काम नंतर माझ्याकडून काढून घेण्यात आलं.

मग खेळ सुरू झाला. आरामखुर्ची म्हणजे डॉक्टरची खुर्ची, टेबललॅम्प म्हणजे दिवा, चहाचा चमचा म्हणजे आरसा. एक डॉक्टर होणार, एक पेशंट. यात एकच अडचण आली, अबोली पेशंट व्हायला तयार होईना. रोज तीच डॉक्टर आणि रोज मी पेशंट. वीज गेली की टॉर्च लावून माझे दात तपासायची. मी ओरडलो तर म्हणायची, "बाबा, गुड बॉय बना." तालीम संपवून तिने बाहेरचे पेशंट घ्यायला सुरुवात केली. तळमजल्यावर तात्याराव म्हणून नागपूरचे निवृत्त इंजिनिअर राहतात, फार मायाळू माणूस. त्यांनी कौतुकाने 'आ' केला आणि तिला खूश करायला म्हणून आपली वरची कवळी काढून तिच्या हातात ठेवली. ताई, त्या एका क्षणाने आमच्या आठवडाभराच्या मेहनतीची दिशाच बदलली. पोरीची भीती समूळ गेली. दात निघतात, पेल्यात ठेवता येतात आणि सकाळी परत बसवता येतात, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता तिला एक दात काढून भागणार नव्हतं, सगळे काढून हवे होते.

शनिवारी कल्पनाची मीटिंग निघाली आणि अबोलीला मी घेऊन गेलो. तुला म्हणून सांगतो, माझी उजवीकडची खालची दाढ दिवाळीपासून ठणकत होती. मी डावीकडून चावत होतो, लवंगेचं तेल लावत होतो आणि घरात कोणाला बोललो नव्हतो. नव्या मार्केटमध्ये पहिल्या मजल्यावर डॉक्टर नीरज यांचा दवाखाना आहे. एसी, माशांची पेटी, कोपऱ्यात टीव्ही. डॉक्टर तरुण आणि हसरे. त्यांनी अबोलीला म्हटलं, "आओ बेटा, बैठो." अबोली म्हणाली, "पेशंट ये हैं. मैं तो डॉक्टर हूँ." डॉक्टरांना ते फार आवडलं. म्हणाले, चलो, पहले पापा. मी नको नको म्हणत होतो, पण अबोलीने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, बाबा, मोठा आ कर. वाटलं, नुसता तर आ करायचा आहे, पोरीचं धैर्य वाढेल.

डॉक्टर डोकावले आणि हसायचे थांबले. म्हणाले, "अच्छा." आणखी थोडं वाकून पुन्हा म्हणाले, "अच्छा." मग तोंडात आरसा, एक नळी आणि बरंच काही असताना त्यांनी मला विचारलं, दाढ पूर्ण किडली आहे, काढून टाकू की राहू दे? मी जीव तोडून 'अं अं अं' म्हणालो. त्याचा अर्थ 'राहू दे' असा होता. डॉक्टरांनी अबोलीकडे पाहिलं. तिने शांतपणे भाषांतर केलं, "बोल रहे हैं, निकाल दो."

पुढचं मी लिहीत नाही. अबोली शेजारी उभी राहून माझा अंगठा धरून होती आणि कल्पनाने शिकवलेलं सगळं मला सांगत होती. मुंगी चावल्यासारखं होईल, नाकाने श्वास घे, डोळे मीट आणि आइस्क्रीमचा विचार कर. (खरं सांगू, ताई? आइस्क्रीमचा थोडा उपयोग होतो.)

दाढ निघाली. अबोलीने ट्रेमध्ये वाकून ती बघितली. ती तात्यारावांच्या कवळीसारखी मुळीच दिसत नव्हती. आता तिची पाळी होती. ती खुर्चीत चढली, ओठ घट्ट मिटले, अगदी फोटोच्या दिवशीसारखे, आणि मग माझ्याकडे बघून अस्सल मराठीत म्हणाली, "बाबा, मला दुखेल?" मला खूप काही सांगायचं होतं, पण अर्धं तोंड बधिर आणि अर्ध्यात कापूस. मी बोटांनी एवढंसं दाखवलं आणि तिचा अंगठा धरला. तिने माझा चेहरा नीट तपासला, कदाचित पहिल्यांदाच डॉक्टर म्हणून नव्हे, आणि तोंड उघडलं. दात केव्हा निघाला ते तिला कळलंही नाही. डोळे उघडून ती डॉक्टरांना जरा रागानेच म्हणाली, "बस? इतना ही?"

दात सरळ करणारे वेगळे डॉक्टर शनिवारी तिथेच येतात. त्यांनीही पाहिलं. जबडा लहान आहे, मोठी झाली की तार लावावी लागेल म्हणाले. तार कुठल्या रंगाची, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.

एकंदरीत तुझा सल्ला उत्तम ठरला. अबोली खळखळून हसते आहे, आणि मुख्य म्हणजे तोंड उघडून. आईला यातलं काही कळवू नकोस, ती तिकडून डबे बांधून शिरा पाठवेल. भाऊजींना नमस्कार, चि. साकेतला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद

ता. क. दवाखान्यात कोणीही रडलं नाही.

ता. क. अबोलीने शाळेत काय सांगितलं आहे ते तुझ्या कानावर येईलच. लहान मुलांना सगळ्याच गोष्टी मोठ्या दिसतात.

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. डॉक्टरांना माझ्या डावीकडेही एक दाढ सापडली आहे आणि येत्या शनिवारची वेळ ठरली आहे. कल्पना तुझं ऐकते. तिला चार ओळी लिही, की आपल्या घराण्यात पुरुषांच्या दाढा पावसाळा संपल्याशिवाय काढत नाहीत. कारण काय लिहायचं ते तू ठरव, पण लिही लवकर.

ता. क. ताई, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. शनिवारचं पक्कं आहे. माझी मीटिंग आहे, पण काळजी नसावी, अबोली त्यांना घेऊन जाणार आहे. — कल्पना